सगळं पहिल्यासारखं करा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. लग्नसराईत तिच्या पुलांवरून सोयरिकी इतक्या ये-जा करतात की गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टरही तेवढे करत नसतील. शिरूरचा नवरा, दौंडची नवरी, नाहीतर उलट. वैशाखात न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला घटकाभर उभं राहावं. वऱ्हाडाच्या गाड्या मोजता मोजता आपल्याला कुठं जायचं होतं ते विसरायला होतं.

लग्नातले रुसवे पूर्वी मानपान, जेवण आणि टॉवेल-टोपी एवढ्यावर भागायचे आणि सहसा मांडवातच मिटायचे. आता त्यात फोटोंची भर पडली आहे. हा रुसवा मांडवात सुरूच होत नाही. तो दीड-दोन महिन्यांनी उगवतो, कारण तोवर 'एडिटिंग' चालू असतं.

आजकालच्या लग्नात फोटोवाला एकटा येत नाही, त्याचंच एक वऱ्हाड असतं. एक 'ट्रॅडिशनल'वाला, म्हणजे 'इकडं बघा' म्हणणारा. एक 'कॅन्डिड'वाला, म्हणजे 'इकडं बघू नका' म्हणणारा. एक व्हिडिओवाला, आणि एक ड्रोनवाला, ज्याचं यंत्र मंगलाष्टकांच्या ऐन भरात गुरुजींच्या डोक्यावर येऊन घोंघावतं. लग्नाआधी प्री-वेडिंग झालेलं असतंच: मोराची चिंचोली, निघोजचे रांजणखळगे, भिगवणला उजनीच्या पाण्यात होडी आणि मागं रोहित पक्षी, शिवाय मुलाच्या बापाचा हट्ट म्हणून स्वतःच्या उसाच्या फडासमोर दोन-चार. सगळं मिळून हजारो फोटो होतात. तेवढे फोटो एकेक करून सुधारायचे म्हटले तर अल्बम जोडप्याच्या हाती पडायच्या आत त्यांच्या मुलाचं बारसं होईल. म्हणून फोटोवाले एक फोटो नीट करतात आणि त्याचे संस्कार बाकीच्या सगळ्यांवर एका झटक्यात लादतात. याला 'सिंक करणं' म्हणतात.

शिरूरमधला आमच्या ओळखीचा एक फोटोवाला हेच करतो. त्याचं नाव इथं देत नाही. पुढचं वाचून लोक त्याच्या तारखा रद्द करतील. दुकानाबाहेर 'पासपोर्ट फोटो ५ मिनिटांत' अशी पाटी आहे, गल्ल्यावर वडील बसतात आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि एसी. गिऱ्हाईक घामानं निथळलं तरी चालतं, हार्डडिस्क तापता कामा नये.

तर एका लग्नातला नवरीचा एक फोटो त्यानं लाइटरूममध्ये उघडला. गालावरची पुटकुळी घालवली. चेहरा उजळला, मऊ केला. हल्ली चलती असलेला एक तपकिरी 'मूडी' प्रीसेट मारला. डाव्या कडेला हातात ताटली घेऊन एक गृहस्थ घुसले होते, त्यांना क्रॉप करून बाहेर काढलं. फोटो झकास झाला. मग त्यानं सगळे फोटो निवडून सिंकचं बटण दाबलं. तिथं एक खिडकी उघडते आणि यातलं काय काय बाकीच्यांना लावायचं ते विचारते. उजेड, रंग, क्रॉप, डाग पुसणं, प्रत्येकापुढं एक चौकोन असतो. लग्नसराईत इतकं वाचायला सवड कुणाला? त्यानं सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि चहा प्यायला गेला.

यातली मेख अशी की 'डाग पुसा' ही आज्ञा पुटकुळीला ओळखत नाही, जागेला ओळखते. चौकटीत अमुक ठिकाणी पुसायचं, एवढंच तिला ठाऊक. नवरीच्या फोटोत त्या ठिकाणी पुटकुळी होती. पुढच्या फोटोत तिथं नथीतला मोती होता. त्याच्या पुढच्यात कलशावरचा नारळ. आणि अंतरपाटाच्या फोटोत, जिथं रिवाजाप्रमाणं नवरीच्या पाठीमागं मामा उभे असतात, तिथं बरोब्बर मामांची मिशी होती. डावी बाजू. मामा दौंडला राज्य राखीव पोलीस दलात. दौंडात या दलाचे ५ आणि ७ असे दोन गट आहेत, आणि त्या दोन्ही गटांत मिशीकडं दागिना म्हणून पाहिलं जातं.

निवडीसाठी फोटो दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले. पहिला फोन नवरदेवाच्या वडिलांचा. त्यांना पुटकुळी, मिशी कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

"भाऊ, माझ्या उसाला काय झालं?"

"का ओ अण्णा?"

"आवं शहाऐंशी-बत्तीस हाय तो, काळाभोर! पार पाचाट करून ठिवलंय. येहीबुवा म्हनत्याल, पावन्याच्या रानाला पानी न्हाई."

तपकिरी प्रीसेटचा हा गुणच आहे. तो हिरव्याचा जीव घेतो आणि त्याला तांबूस वळणावर नेऊन सोडतो. परदेशातल्या पानगळीच्या जंगलात तो शोभत असेल, पण शिरूर तालुक्यात हिरवा रंग ही ऐपत आहे. पाण्याची पाळी, विहिरीचा झरा, कारखान्याला जाणारं टनेज, सगळं त्या एका रंगात सांगितलेलं असतं. चिंचोलीतला मोरही त्या प्रीसेटनंतर भिजलेल्या कोंबडीच्या कुळातला दिसत होता, पण मोराच्या वतीनं फोन करणारं कुणी नव्हतं.

मग नवरीच्या आत्यांचा. शालू डाळिंबी होता, तो विटकरी कसा झाला? (शिरूरकडच्या बायकांच्या मते तो डाळिंबी नव्हताच, राणी होता. हा वाद आपण तूर्त बाजूला ठेवू.) मग आजींच्या नातवाचा, कारण आजींकडं फोन नाही. चेहरे मऊ करण्याच्या नादात त्यांच्या कपाळावरचं गोंदण निम्मं विरघळलं होतं. आजींचा निरोप होता, "सुया टोचून घेतल्या त्या मी, आन् पुसनारा ह्यो कोन?" मामांचा फोन आलाच नाही. ते स्वतः येणार असल्याचं कळलं.

सगळ्यांचं मागणं एकच: पहिल्यासारखं करा. फोटोवाल्यानं प्रत्येकाला छातीठोकपणे सांगितलं, "काळजी नको. दोन मिनिटांचं काम आहे."

त्याच्या वडिलांना या उत्तराचं हसू आलं. ते रोलच्या जमान्यातले. एका रोलमध्ये ३६ फोटो आणि लग्नाला फार तर चार-पाच रोल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायच्या तर निगेटिव्हच्या त्या जागी टोकदार शिसपेन्सिलनं बारीक रेघा भरायच्या. निगेटिव्हवर जिथं काळं वाढतं तिथं छापताना उजळ उमटतं. तासभर डोळे फोडल्यावर एक चेहरा व्हायचा. नाही आवडला तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवून पेन्सिल पुसायची आणि पुन्हा बसायचं. त्यामुळं पुसायची वेळ येणार नाही इतपतच माणूस हात चालवायचा. एकदम शंभर मिशा उडवण्याची सोयच नव्हती.

कॉम्प्युटर आल्याबरोबर माफीही भरभरून मिळायला लागली असं मात्र नाही. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं आणि १९९८ सालच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत त्यात मागं यायची एकच पायरी होती. म्हणजे आठ वर्षं जगभरच्या कलावंतांना लागोपाठ दोन चुका करायची परवानगी नव्हती. त्या आवृत्तीत 'हिस्टरी' आली, तीही आधी वीस पायऱ्यांची. फाइल बंद केली की तीही गेली. खरी चैन झाली ती २००७ साली लाइटरूम आल्यावर, कारण त्यानं मूळ फोटोला हात लावणंच सोडून दिलं.

ही भानगड आमच्या अण्णांना समजावताना फोटोवाला घायकुतीला आला. शेवटी सातबारा मदतीला धावला. जमीन जागची हलत नाही. हलतात त्या कागदावरच्या नोंदी. कॅमेऱ्यातून आलेली 'रॉ' फाइल ही जमीन. लाइटरूमचा कॅटलॉग हे तलाठ्याचं दप्तर. उजेड वाढवला, एक फेरफार. ऊस तपकिरी केला, दुसरा फेरफार. गाव नमुना ६ मध्ये फेरफार ओळीनं चढत जावेत तशी प्रत्येक फोटोची हिस्टरी चढत जाते, कॉम्प्युटर बंद केला तरी पुसली जात नाही, आणि जमीन आपली जिथल्या तिथं पावसाची वाट बघत पडलेली. 'रीसेट' म्हणजे सगळे फेरफार एकदम रद्द. आणि ते रद्द करणं हासुद्धा एक फेरफारच. त्याचीही ओळ चढते. म्हणजे रद्द केलेलं उद्या पुन्हा रद्द करता येतं.

अण्णांना हे लगेच पटलं. त्यांचा फक्त एक प्रश्न होता: "हरकतीला पंधरा दिवस मिळत्यात का न्हाई?"

मिळत नाहीत. तिथं खटका दाबला की नोंद मंजूर. खटका कुठं दाबता यालाही महत्त्व आहे. आमच्या फोटोवाल्यानं 'डेव्हलप'च्या खोलीत सगळे फोटो निवडून रीसेट दाबलं. समोरचा एक फोटो मूळपदावर आला आणि बाकीचे ढिम्म. कारण त्या खोलीत कितीही निवडा, 'ऑटो सिंक' चालू नसेल तर आज्ञा फक्त समोरच्या फोटोला लागू होते. सगळ्यांना एकदम मागं न्यायचं तर 'लायब्ररी'च्या ग्रिडमध्ये जाऊन ते करावं लागतं. ऑटो सिंकची गंमत याच्या बरोबर उलट. आपण समजतो एकच फोटो दुरुस्त करतोय, आणि मागं निवडून विसरलेले सातशे निमूटपणे तेच करत असतात. दोन मिनिटांचं काम सापडायला त्याची दुपार गेली. त्या अवधीत नवरीच्या धाकट्या भावानं दोनदा येऊन सांगितलं की आयफोनात हे एका टचमध्ये होतं. ते खोटं नाही, २०२२ पासून होतं. पण चार हजार रॉ फाइली आयफोनात कोण घालणार, हे विचारल्यावर तो वडापाव आणायला गेला.

दौंडचे एक काका मात्र शांत होते. रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंड जंक्शनात एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावण्यात त्यांची हयात गेली. मुंबईचे प्रवासी गाडी उलटी निघाली म्हणून घाबरायचे आणि हे त्यांना धीर द्यायचे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या जंक्शनात शिरतच नाहीत, याचं त्यांना दुःख आहे. ते म्हणाले, "उलटं जाण्यात गैर काय? डबे तेच, माणसं तीच. आपण फक्त तोंड फिरवायचं."

अखेर रीसेट झाला. चार हजार फोटो एका दमात मागं आले आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला.

एक तर रॉ फोटो म्हणजे न सजवलेलं सत्य, आणि ते लग्नात कुणालाच नको असतं. भर मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचं कार्यालय, व्हिडिओवाल्याचे पिवळे दिवे. सगळे जसे होते तसे दिसायला लागले, म्हणजे घामेजलेले. मिशी परत आली, गोंदण परत आलं, ऊस काळाभोर झाला. आणि नवरीची पुटकुळीही परत आली. शिवाय डाव्या कडेचे ताटलीवाले गृहस्थ परत आले. हे अण्णांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांत दावा चालू आहे. बोलावलं नाही तर भावकी नावं ठेवेल म्हणून पत्रिका दिली होती, आणि ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, जेवले, आणि दर फोटोत गुलाबजाम घेऊन उभे राहिले. सातबाऱ्यावर ज्यांच्या नावाला कंस पडावा म्हणून अण्णा प्रांत कचेरीचे उंबरे झिजवतायत, ते रीसेटच्या कृपेनं कंस मोडून थेट सुनेच्या शेजारी हजर!

मग कळलं की 'पहिल्यासारखं' हे कुणालाच सगळ्यांसाठी नको होतं. आत्यांना शालू पहिल्यासारखा हवा होता, स्वतःचा चेहरा नव्हे. मामांना मिशी हवी होती, तिच्यातले पांढरे केस नकोत. नवरीला आपला गाल एडिट केलेला हवा आणि नणंदेचा 'नॅचरल'. अण्णांना ऊस हिरवा, भाऊ गायब. एकूण निकाल असा की माझं आहे तसं राहू द्या, बाकीच्यांचं मागं न्या. आजी तेवढ्या अपवाद. त्यांनी सगळं परत आलेलं पाहिलं आणि विचारलं, "मंग आधी काय बिघडलं हुतं?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण कॉम्प्युटरकडं त्याचं उत्तर नाही. आता शालूचा मघाचा वाद घ्या. रॉ फाइलमध्ये रंग पक्का नसतोच. उजेड पिवळा धरायचा की पांढरा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर कंपनीनं ठरवलेला शालू दिसतो, लाइटरूममध्ये उघडला की लाइटरूमनं ठरवलेला. रीसेट केल्यावर तो ना डाळिंबी निघाला ना राणी. मधलाच कुठला तरी, ज्याला दौंडात नाव नाही आणि शिरूरमध्ये गिऱ्हाईक नाही. शेवटी आत्या शालूच घेऊन दुकानात आल्या. तो ट्यूबलाइटखाली तिसराच दिसला.

एवढं होऊनही आमचा फोटोवाला नशीबवान, कारण त्यानं जमीन विकली नव्हती. त्याच्या एका व्यवसायबंधूनं असाच पराक्रम फोटोशॉपच्या ॲक्शनमधून जेपेगवर केला, 'सेव्ह अँड क्लोज'सकट. एकेक फोटो उघडला, बिघडला, त्याच नावानं मिटला. कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी फॉरमॅट झालेलं. तिथं कुठलंच बटण मागं नेत नाही. त्यानं गिऱ्हाइकाला 'विंटेज लूक' म्हणून सांगितलं आणि थोडे जास्त पैसे लावले.

मूळ प्रत जपण्याचं महत्त्व खरं शिकवलं ते मात्र राजकारणानं. शिरूर हा लोकसभेचा वेगळा मतदारसंघ, दौंड बारामतीत. त्यामुळं एकाच लग्नाच्या स्टेजवर दोन मतदारसंघांची पुढारी मंडळी आशीर्वादाला येतात. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी, आणि दोन्ही वेळा फोटोवाल्यांकडं आणि फ्लेक्सवाल्यांकडं रांग लागली: यांना काढा, त्यांना घ्या. काही महिन्यांनी त्यातलेच काही परत आले: ज्यांना काढलं होतं त्यांना पुन्हा घाला, जरा मोठे करा. तेव्हापासून आमचा फोटोवाला बाकी कुणाचे फोटो जेपेगमध्ये काढेल, पण पुढाऱ्यांचे काढत नाही. त्यांचे रॉच.

आता तो शहाणपणानं वागतो. मांडवातले फोटो वेगळे, रानातले वेगळे, स्टेजवरचे वेगळे. त्या त्या उजेडाचा एक फोटो सुधारायचा, सिंकच्या खिडकीत फक्त उजेड आणि रंगाला खूण करायची, क्रॉप आणि डागाच्या चौकोनांना शिवायचं नाही, आणि आधीच्या स्थितीचा एक 'स्नॅपशॉट' करून ठेवायचा. त्या लग्नाचे शेवटी दोन अल्बम झाले. शिरूरच्या अल्बममध्ये ऊस हिरवा, शालू राणी आणि चुलतभाऊ नाहीत. दौंडच्या अल्बममध्ये शालू डाळिंबी, मिशी काळी आणि ताटलीवाले गृहस्थ आहेत, कारण ते तिकडच्यांना फार आवडले. दोन्ही अल्बम बारा बाय छत्तीसचे, जाड पानांचे, मांडीवर घेतले की पायाला मुंग्या आणणारे.

हिशोबाच्या दिवशी अण्णा लवकर आले. चहा झाला. बिलाचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे एडिटिंगचं काय?"

"ठरलं होतं ना अण्णा, एडिटिंगचे वेगळे."

"व्हय. पर ते तर तुम्ही समदं काढलं. मंग केलंच न्हाई म्हना की."

"अहो अण्णा, नंतर परत केलं की! दोन-दोन अल्बमांचं."

"ते बराबर हाय. त्याचं देतो. पर ही वळ आधीच्या एडिटिंगची हाय. आन् ही खालची काय? रीसेट चार्ज?"

"काढायला पण कष्ट पडतात अण्णा."

गल्ल्यावरच्या वडिलांनी मान हलवली, पण कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही. अण्णांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच फोनवर सांगितलं हुतं, दोन मिनिटांचं काम हाय म्हनून. मंग दोन मिनिटांचं काय व्हत्यात ते लावा."